अद्भुत कथा वाचाव्या काय?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. एका शनिवारीं शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयांत परत आलेलीं पुस्तकें जागच्या जागीं लावीत होतों. इतक्यांत इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील आंत आले. त्यांच्या हातांत आपल्या ग्रंथालयाचेंच एक पुस्तक होतें. तें टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, हें परत घ्या. मुलगा रात्रीं बारा बारा वाजेपर्यंत हें वाचीत बसतो. गणिताच्या चांचणींत नापास झाला, तो पेपर त्यानें आठ दिवस दप्तरांत लपवून ठेवला. आम्हांला कळलें तें शेजारच्या मुलाकडून. ज्यांत जादूगार आहेत, बोलणारे ड्रॅगन आहेत, पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि नसलेलीं बेटें आहेत, असलें पुस्तक वाचून ह्याला काय मिळणार? खोट्या जगांत रमलेलें पोर खऱ्या जगांत उभें कसें राहणार?"

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती. मीं त्या वेळीं कांहीं तरी उत्तर दिलें. वय आहे, मनोरंजन म्हणून वाचतो, वाचूं द्या, असें तें उत्तर होतें. त्यांनीं ऐकून घेतलें, नमस्कार केला आणि ते निघून गेले. पुस्तक टेबलावरच राहिलें. मागाहून मला माझ्या उत्तराची लाज वाटली. एका बापानें गंभीर प्रश्न विचारला होता आणि एका शिक्षकानें त्याची बोळवण केली होती. वार्षिक अंकाच्या निमित्तानें त्या प्रश्नाचें नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. तो त्या एका पालकासाठीं नाहीं. ज्यांच्या घरीं असलीं पुस्तकें उशीखालीं सांपडतात, त्या सर्वांसाठीं आहे.

तें पुस्तक होतें अर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेचें 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', म्हणजे अर्थसी नामक द्वीपसमूहांतील एका जादूगाराची कथा. त्या गृहस्थांचे आक्षेप दोन होते. एक वेळेचा आणि दुसरा सत्याचा. वेळेच्या आक्षेपाकडे मी शेवटीं वळेन. सत्याचा आक्षेप अधिक खोल आहे. अद्भुत कथा मुलाला वास्तवापासून पळावयास शिकविते, असा तो आहे. माझें मत ह्याच्या उलट आहे. चांगली अद्भुत कथा पळणाऱ्याला थांबवून मागें वळावयास लाविते. हें मत कोरड्या युक्तिवादानें मांडण्यापेक्षां ह्या लेखिकेच्या आयुष्याच्या आधारें मांडणें मला अधिक सोयीचें वाटतें, कारण जी गोष्ट तिनें मुलांना सांगितली ती तिनें स्वतः आचरून दाखविली.

अर्सुला क्रोबर हिचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९ रोजीं कॅलिफोर्नियांतील बर्कली ह्या गांवीं झाला. तीन भावांच्या पाठीवरची ती धाकटी बहीण. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांच्या घराशीं निगडित एक हकीकत येथें सांगितली पाहिजे. १९११ सालीं याही नांवाच्या आदिवासी जमातीचा उरलेला शेवटचा मनुष्य कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून एकटाच बाहेर आला. त्याच्या जमातीच्या माणसांची गोऱ्या वसाहतवाल्यांनीं कत्तल केली होती. आपलें नांव परक्यास आपण होऊन सांगणें त्याच्या रीतींत बसत नव्हतें, म्हणून विचारूनहि त्यानें तें सांगितलें नाहीं. तेव्हां क्रोबर ह्यांनीं त्याला 'इशी' म्हणावयास सुरुवात केली. त्याच्या भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ 'माणूस' एवढाच आहे. १९१६ सालीं इशी क्षयानें वारला आणि त्याचें खरें नांव त्याच्याबरोबर गेलें. अर्सुला जन्मली ती ह्यानंतर तेरा वर्षांनीं. तिची आई थिओडोरा हिनें पुढें इशीचें चरित्र लिहिलें. तें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें व फार वाचलें गेलें. ह्याच घरच्या मुलीनें जें काल्पनिक जग रचिलें, त्यांत खरें नांव ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत जपून ठेवण्याची वस्तु आहे, हें वाचतांना इशीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास अर्सुलानें आपली एक कथा एका विज्ञानकथांच्या मासिकाकडे पाठविली. ती साभार परत आली. पुढें तिनें फ्रेंच व इटालियन साहित्याचा अभ्यास केला, १९५२ सालीं कोलंबिया विद्यापीठाची एम्. ए. पदवी घेतली, आणि १९५३ सालीं शिष्यवृत्ति मिळवून ती फ्रान्सला निघाली. त्या जहाजावर चार्ल्स ले ग्विन ह्या इतिहासाच्या अभ्यासकाची ओळख झाली व त्याच वर्षीं पॅरिसमध्यें त्यांचा विवाह झाला. पुढें ओरेगन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं हें कुटुंब स्थायिक झालें. तीन मुलांचा संसार सांभाळून ह्या बाई लिहीत राहिल्या.

लिहीत राहिल्या खऱ्या, पण छापीत कोणी नव्हतें. ऑर्सिनिया नांवाचा मध्य युरोपांतील एक काल्पनिक देश त्यांनीं मनांत वसविला होता. त्या देशाच्या व इतर अशा पांच कादंबऱ्या त्यांनीं सुमारें दहा वर्षांत लिहिल्या. एकहि प्रकाशकानें घेतली नाहीं. ह्या लेखनाचें खातें कोणतें, हेंच प्रकाशकांना कळेना. तें वास्तवहि नव्हतें आणि रूढ अर्थानें अद्भुतहि नव्हतें. शेवटीं ज्या विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांकडे विद्वान लोक नाक मुरडीत असत, त्यांचें दार त्यांनीं पुन्हा ठोठावलें. १९६२ सालीं अशा एका मासिकानें त्यांची कथा घेतली. १९६६ सालीं पहिली कादंबरी बाहेर पडली. त्या वेळीं त्यांचें वय छत्तीस-सदतीस वर्षांचें होतें. अकराव्या वर्षीं परत आलेल्या कथेपासून मोजलें तर मध्यें पाव शतक लोटलें होतें.

१९६७ सालीं एका छोट्या प्रकाशन संस्थेच्या चालकानें त्यांना मोठ्या मुलांसाठीं कांहीं लिहा म्हणून सुचविलें. बाई विचार करूं लागल्या. गोष्टींतले जादूगार नेहमीं म्हातारे असतात, पांढऱ्या दाढीचे असतात. पण ते म्हातारे होण्यापूर्वीं कोण होते? ही विद्या ते कोठें शिकले? ह्या साध्या प्रश्नांतून जादूगारांची शाळा जन्मली. १९६८ सालीं पुस्तक प्रसिद्ध झालें. आमच्या विद्यार्थ्यांना हॅरी पॉटरची शाळा पाठ आहे. त्या मालिकेचें पहिलें पुस्तक १९९७ सालचें. म्हणजे ले ग्विन बाईंची शाळा त्याआधीं एकोणतीस वर्षें भरली होती.

कथानक थोडक्यांत असें. गॉन्ट बेटावरील शेळ्या राखणारा एक पोरका मुलगा. आई लहानपणींच गेलेली, बाप लोहार, स्वभाव तापट. त्याच्या अंगीं मोठी शक्ति आहे, असें एका ज्ञानी पुरुषाच्या लक्षांत येतें. तो त्याला 'गेड' हें त्याचें खरें नांव देतो. ह्या जगांत प्रत्येक वस्तूला व प्रत्येक प्राण्याला खरें नांव आहे. तें ज्यास कळलें त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणूस आपलें खरें नांव विश्वासांतल्या एखाद्याखेरीज कोणास सांगत नाहीं. गुरूची विद्या सावकाश चालणारी, गेडला घाई. तो रोक बेटावरील मोठ्या शाळेंत जातो. तेथें एका उद्दाम सहाध्यायानें डिवचल्यावर केवळ आपली शेखी मिरविण्याकरितां तो मृतात्म्यास बोलाविण्याचा मंत्र म्हणतो. त्या फटींतून एक काळी सांवली बाहेर पडते व त्याच्या तोंडावर झेप घालते. ती फट बुजवितांना शाळेच्या वृद्ध मुख्य गुरूंचा प्राण जातो. गेड वांचतो, गालावरचे व्रण मात्र जन्मभर राहतात.

येथून पुढें सांवली त्याच्या मागें आणि गेड पुढें. तो जितका पळतो तितकी ती बलवान होते. शेवटीं थकून भागून तो आपल्या पहिल्या गुरूकडे येतो, तेव्हां गुरु त्याला मागें वळावयास सांगतात: जी तुझी पाठ घेते तिची पाठ आतां तूं घे. गेड वळतो. तो वळतांच सांवली पळूं लागते. एका मित्रास होडींत घेऊन तो तिला शोधीत पूर्वेकडे जातो आणि जेथें नकाशे संपतात तेथें तिला गांठतो. तेथें तो तरवार चालवीत नाहीं, अग्निबाण सोडीत नाहीं. तो तिला तिच्या नांवानें हाक मारतो, आणि तें नांव 'गेड' हेंच असतें. त्याच क्षणीं तीहि त्याला त्याच नांवानें हाक मारते. ज्याला तो शत्रु समजत होता, तो त्याचाच अंश होता.

आतां मी पालकांस विचारतों: ह्या गोष्टींत पलायन कोठें आहे? गोष्टींतील बेटें खोटीं आहेत, हें खरें. परंतु आपल्या गर्वानें केलेली चूक आपल्या मागें लागते, पळाल्यानें ती वाढते, आणि "ही माझीच" असें म्हटल्यावांचून ती शमत नाहीं, हें त्या बेटांवरचें सत्य मुंबई-पुण्यांतहि तितकेंच खरें आहे. हीच गोष्ट उपदेश म्हणून सांगितली असती तर मुलानें कानाआड केली असती. होडींत बसवून, अंधाऱ्या समुद्रावर नेऊन सांगितल्यामुळें ती त्याच्या अंगावर शहारा आणते आणि मनांत राहते.

परंतु दुसऱ्यास सांगणें सोपें. स्वतः वळणें कठीण. १९६९ सालीं ले ग्विन बाईंची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी निघाली. तींत एका हिमाच्छादित ग्रहाचें वर्णन आहे. तेथील माणसांत स्त्री आणि पुरुष असा कायमचा भेद नाहीं. त्यामुळें त्यांचा राज्यकारभार, त्यांची मैत्री व त्यांचा मानापमान आपल्याहून वेगळ्या रीतीनें चालतो. ह्या कादंबरीस विज्ञानकथेच्या क्षेत्रांतील ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मोठे सन्मान मिळाले. कादंबरीसाठीं ह्यूगो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परंतु ज्या लोकांत पुरुष नाहींत, त्यांच्यासाठीं बाईंनीं सर्वत्र पुल्लिंगी सर्वनाम वापरलें होतें. वाचकांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, ह्यावर बोट ठेवलें. १९७६ सालच्या एका निबंधांत बाईंनीं आपली बाजू मोठ्या आवेशानें मांडली. कीर्ति मिळालेला लेखक येथेंच थांबतो. ह्या बाई थांबल्या नाहींत. सुमारें दहा वर्षांनीं त्यांनीं तोच निबंध पुन्हा काढला, त्यांतील जुनें एक वाक्यहि खोडलें नाहीं, आणि त्याच्या शेजारीं आपले नवे अभिप्राय छापले: येथें मी चुकलें होतें, येथें मी उगाच बचाव करीत होतें. चूक गुपचूप दुरुस्त करणें निराळें आणि ती सर्वांदेखत तशीच ठेवून तिच्या बाजूला आपली सही करणें निराळें.

अर्थसीच्या बाबतींतहि असेंच झालें. मालिकेचीं पहिलीं तीन पुस्तकें १९६८ ते १९७२ ह्या काळांत निघालीं. तिसऱ्यास अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मुलांच्या पुस्तकांच्या विभागांत मिळाला. त्या पुस्तकांत जादूची शाळा केवळ मुलग्यांची आहे, आणि बायकांची जादू दुबळी व दुष्ट असते अशा म्हणी त्या बेटांवर चालतात. लिहितांना हें बाईंना खटकलें नव्हतें, पुढें खटकलें. अठरा वर्षांनीं, १९९० सालीं, त्या चौथें पुस्तक घेऊन त्याच बेटांवर परतल्या. त्यांत गेडची सारी शक्ति संपलेली आहे. कथेच्या मध्यभागीं एक प्रौढ विधवा व आगींत भाजलेली एक पोर आहे. कांहीं जुने वाचक रागावले. २००१ सालच्या कथासंग्रहांत त्यांनीं आणखी पुढें जाऊन दाखविलें कीं रोकची शाळा स्थापणाऱ्यांत स्त्रियाहि होत्या. पुढच्या पुरुषांनीं तें विसरून टाकलें. लेखिका स्वतःच्या सांवलीकडे वळली, ती अशी.

ह्याचा अर्थ त्या पडखाऊ होत्या असा कोणीं घेऊं नये. जेथें त्या बरोबर होत्या तेथें त्यांनीं एक पाऊलहि मागें घेतलें नाहीं. गेड हा गोरा नाहीं. त्याचा वर्ण तांबूस-तपकिरी आहे, व त्याचा मित्र तर काळाच आहे. अर्थसींतील बहुतेक माणसें अशींच. १९६८ सालीं हें अगदीं नवें होतें, आणि बाईंनीं तें जाणूनबुजून केलें होतें. तरीहि मुखपृष्ठांवर गोरे नायक रंगविले जात. २००४ सालीं दूरचित्रवाणीवर ही कथा आली तेव्हां गेडचें काम गोऱ्या नटास दिलें गेलें. बाईंनीं त्याच महिन्यांत लेख लिहून उघड निषेध केला. आमच्या वर्गांतील मुलांनीं हें लक्षांत घ्यावें. परदेशी साहसकथा वाचतांना आपल्यासारखा दिसणारा नायक त्यांना क्वचितच भेटतो. येथें तो भेटतो, आणि तो तसाच राहावा म्हणून एक म्हातारी लेखिका भांडली होती.

आतां वेळेचा आक्षेप. तो मला मान्य आहे. रात्रीं बारापर्यंत वाचणें चुकीचें आहे. मग तें पुस्तक अद्भुत असो वा संतचरित्र असो. वर्गांत भूगोलाच्या पुस्तकाआड कादंबरी ठेवणारे वीरहि मला ठाऊक आहेत. त्यांचें मी समर्थन करीत नाहीं. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रत्येक अद्भुत कथा चांगली नसते. ज्या पुस्तकांत वाईट तेवढें सारें दुसऱ्या बाजूस असतें, नायकानें तरवार उपसली कीं न्याय झाला असें मानलें जातें, आणि शेवटच्या पानावर नायक पहिल्या पानावर होता तसाच राहतो, तें पुस्तक खरोखरच वेळ खातें. पालकांनीं पारखावें तें हें. पुस्तकांत ड्रॅगन आहे कीं नाहीं, हें पाहूं नये. त्या ड्रॅगनपुढें उभा राहिलेला मुलगा बदलतो कीं नाहीं, हें पाहावें. त्यासाठीं सारें पुस्तक वाचावयास सवड नसेल तर रात्रीच्या जेवणाच्या वेळीं मुलाला एवढेंच विचारावें, "आज गोष्ट कोठवर आली?" त्याच्या उत्तरावरून पुस्तकाची प्रत कळेल आणि मुलाचीहि.

मींहि तसें केलें. त्या मुलास बोलावून विचारलें, "तुला ह्यांत काय आवडलें रे?" मला वाटलें, ड्रॅगन म्हणेल. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, त्यानें चूक केली आणि ती त्याच्या मागें लागली. माझ्या दप्तरांत तो पेपर होता ना, तसेंच. जेवतांनासुद्धां तो दिसायचा." हें येथें लिहूं का, असें विचारतां त्यानें मान हलविली.

ले ग्विन बाई २२ जानेवारी २०१८ रोजीं पोर्टलंड येथें, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं वारल्या. २०१४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथ प्रतिष्ठाननें त्यांना साहित्यसेवेबद्दल मानपदक दिलें. अद्भुत व विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना साहित्याच्या पंक्तींतून फार काळ बाहेर ठेवलें गेलें, असें त्यांनीं त्या समारंभांत स्पष्टपणें सांगितलें आणि तो मान आपल्या त्या सहकाऱ्यांबरोबर वांटून घेतला. २०१६ सालीं अमेरिकन साहित्यांतील मान्यवरांचे ग्रंथ छापणाऱ्या एका प्रतिष्ठित मालेंत त्यांच्या समग्र लेखनास आरंभ झाला. त्याचा पहिला खंड होता ऑर्सिनियाचा. ज्या देशाच्या गोष्टी एके काळीं कोणी छापीत नव्हतें, त्या देशाचा. विद्यार्थिमित्रहो, परत आलेल्या कथेचें दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

राहिलें तें पुस्तक. तें मीं त्याच मुलाच्या हातीं पुन्हा घरीं पाठविलें, आणि वडिलांस चिठ्ठी लिहिली कीं मागच्या वेळीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. आपण हें एकदां स्वतः वाचून मग परत करावें. मुदत उलटून दोन महिने झाले. पुस्तक अद्याप आलेलें नाहीं. दंडाची पावती मीं माझ्या नांवें फाडली आहे. मुलगा गणितांत अजून फारसा पुढें गेलेला नाहीं. परंतु हल्लीं चांचणीचा पेपर मिळाला कीं, गुण कितीहि असोत, तो दुसऱ्या दिवशीं वडिलांच्या सहीसह परत येतो.